चादरीचे दुसरे टोक

ओली चादर एकटीने रोलरवर चढत नाही. एकटीने करून पाहणाऱ्या होऊन गेल्या. चादर तिरकी गेली, चुणी उष्णतेने पक्की बसली आणि सगळे पुन्हा पाण्यात टाकावे लागले. म्हणून त्या लाँड्रीतले इस्त्रीचे काम जोडीनेच चाले. एकीने डावे टोक धरायचे, दुसरीने उजवे. दोघींनी मिळून झटका द्यायचा, कड ताणायची आणि तापलेल्या रोलरकडे सरकणाऱ्या पट्ट्यावर ती एकाच क्षणी सोडायची. एकीचा हात मागे राहिला की चादर दोघींची बाद होई, कारण मजुरी जोडीच्या नावावरच लागे. एक उठली की दुसरीला उठावे लागे. पाणी पिणे, लघवीला जाणे, सुट्टी घेणे, सगळे जोडीने. जोडीदारणीला तिथे ‘टोक’ म्हणत. नव्याने आलेल्या मुलीला जुन्या बायका पहिल्याच दिवशी बजावत, की बाई गं, नवऱ्याशी नाही पटले तरी एक वेळ निभावते, टोकाशी पटले पाहिजे.

मोठीचे टोक म्हणजे ताई.

‘मोठी’ हे काही तिचे नाव नव्हे, ती घरातली जागा. धाकटी बहीण एकदा डबा द्यायला फाटकाशी आली आणि तिथून तिने मोठीला हाक मारली. तेव्हापासून शेडमध्येही तेच नाव चिकटले. ताई मात्र सगळ्यांचीच ताई होती. चाळिशीकडे झुकलेली, रुंद मनगटांची, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. डागांवरून ती गिऱ्हाईक ओळखे. रुग्णालयाच्या चादरी त्या मानाने स्वच्छ असतात, माणसे खरी आजारी पडतात ती हॉटेलात, असे ती म्हणे आणि अख्खी शेड हसे. वाफ आली की चेहरा कसा वळवायचा, चटका बसला तर हात चटकन पाण्यात न घालता आधी अंगठी कशी काढायची, मुकादमबाईंशी बोलताना नजर कुठे ठेवायची, हे सगळे मोठीला तिनेच शिकवले. ‘बटण’ही तिनेच दिले.

बटण म्हणजे एक पांढरी गोल गोळी. दुखणे थांबवण्यासाठी डॉक्टर लिहून देतात त्या जातीची, पण इथे कोणी कोणाला लिहून दिलेली नव्हती. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीच्या बायकांना ती कागद न मागता देई. बायका आहेत, कंबर दुखत असेल, असे त्याने गृहीत धरले होते आणि पुढे विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. शेडमध्ये बटण कोण घेई आणि कोण नाही, हे सांगणे अवघड. घेणाऱ्या जोडीने घेत. टोकाचा हात आखडला की आपली चादर तिरकी जाते, आणि अशा वेळी जवळची गोळी पुढे करणे ही तिथली साधी माणुसकी होती. ताईला ती तिच्या नणंदेने दिली होती, नणंद तिचे आधीचे टोक होती तेव्हा. नणंदेला कोणी दिली, हे ताईला ठाऊक नव्हते.

हे नेमके कधी सुरू झाले, असे विचारले तर मोठीकडे एकच उत्तर नसे. कधी ती खांद्याचे सांगे. कामाला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिचा उजवा खांदा असा धरला, की वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईना. ती रडकुंडीला आली, आणि ताईने अर्धी गोळी तळहातावर ठेवली. अर्ध्या तासाने खांदा होता, पण तो दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा. कधी मात्र ती त्याही आधीचे सांगे. तिला पाहायला पाहुणे येणार होते, त्याच दिवशी पाळी आली आणि ओटीपोट पिळवटून निघाले. आईने कुठलीशी गोळी देऊन तिला हसतमुखाने चहा घेऊन बाहेर पाठवले. दुखत असताना दुखत नाही असे दिसायचे, हे तिथेच पक्के झाले. आणि एका ड्रायव्हरची गोष्ट ती फार क्वचित काढे. चादरींची गाठोडी नेणाऱ्या गाडीवर तो होता. लग्नाचे बोलून झाले होते, मग एके दिवशी त्याने फोन उचलणे बंद केले. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण तो होता हेच कोणाला माहीत नव्हते. खांद्यासाठी घेतलेली गोळी त्या दुखण्यावरही चालते, हे तिला त्या महिन्यात कळले. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली कुठलीही एक पुरेशी नाही.

अर्धीची एक झाली, एकीच्या पुढेही गेले. आता घेतल्याने बरे वाटत नसे. न घेतल्याने वाईट वाटे, एवढेच. सकाळी घेतली नाही तर दुपारपर्यंत नाक गळे, अंगावर काटा येई, पायांत मुंग्या आणि हातांना बारीक कंप. घेतली की हात स्थिर. लाँड्रीत स्थिर हातांची मुलगी म्हणून तिचा लौकिक होता आणि मुकादमबाई नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवीत.

घरी दोन खोल्या होत्या. वडील पहारेकरी, कायमची रात्रपाळी. ते दिवसा झोपत, त्यामुळे त्या घराला कुजबुजायची सवय लागलेली. भांडणेसुद्धा दबक्या आवाजात होत आणि मग ती नीट पुरीही होत नसत. दादाची गोष्ट वेगळी. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात होता आणि आठवड्यातून दोन-चारदा मित्रांबरोबर पिऊन येई. ते सगळ्या गल्लीला माहीत होते आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलले जाई. दमून येतो, आई म्हणे. आणि त्याच्यासाठी लिंबू कापून ठेवी. वडील एकदा म्हणाले होते, की पुरुषमाणूस आहे, उद्या लग्न झाले की सुधारेल. सुधारण्यासाठी दादाला एक अख्खी बायको मिळणार होती.

मोठीला या नोकरीला पाठवले तेव्हा दादा स्वतः शेड पाहून आला होता. आत सगळ्या बायका, फाटकावर म्हातारा रखवालदार, येण्याजाण्याची वेळ ठरलेली. त्याने घरी येऊन सांगितले, जागा चांगली आहे. पुढची सगळी वर्षे मोठीनेही तेच सांगितले. खांदा दुखतो म्हणावे तर काम सोड म्हणतील. काम सोडले तर घरात बसायचे, आणि घरात बसलेल्या मुलीसाठी आणलेल्या पाहुण्यांना नाही म्हणायची सोय नसते. म्हणून जागा चांगली, माणसे चांगली, ताई तर आईसारखी. हे ती इतक्यांदा बोलली होती की त्याला आता सगळ्यांच्या लेखी पुराव्याची किंमत आली होती.

शेडमध्ये दुसरा रोलर आला आणि इथून गोष्ट अडली.

नव्या रोलरला नव्या जोड्या हव्या होत्या. मुकादमबाईंची यासाठी एक जुनी पद्धत होती. त्या शक्यतो एका घरातल्या बायका जोडीला घेत, बहिणीबहिणी, मायलेकी, नणंदा-भावजया. दोघी एकदम येतात, एकदम जातात, आणि भांडल्या तरी भांडण घरी नेतात. मोठीला त्यांनी बोलावून सांगितले, तुझी धाकटी आता मोठी झाली ना, तिला घेऊन ये. मोठी काहीतरी पुटपुटली. पण फाटकावरच्या रखवालदाराची आणि दादाची ओळख होती, आणि संध्याकाळी ती घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती.

धाकटी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. बोलायला लागली की धबधबा, आणि नकला करण्यात पटाईत. वडिलांचे घोरणे ती तोंड मिटून इतके हुबेहूब काढी की आई हसू दाबायला तोंडात पदर कोंबी. प्रयोगशाळेत काम करायचा अभ्यासक्रम तिला पुढे करायचा होता. दादाने ते एका वाक्यात मिटवले. दोघी एकत्र जातील, एकत्र येतील, डोक्याला ताप नाही. धाकटी आधी फुरंगटली, मग तिच्या मनाने घेतले की मोठीबरोबर काम म्हणजे मजा. लाँड्रीतल्या ताईचे किस्से ऐकून तिला आपल्या बहिणीचा हेवा वाटत आलेला.

मोठीला याचा अर्थ उशिरा कळला. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, चादर झटकताना. उजव्या टोकाला ताईच्या जागी धाकटी उभी आहे, तिचा खांदा धरलाय, आणि आपण एप्रनच्या खिशात हात घालतोय, असे तिला स्वच्छ दिसले. यात तिला सर्वांत भीतिदायक वाटले ते हे, की त्या चित्रातल्या आपल्या हाताला ती ओळखत होती. तो दुष्टपणाने खिशात जात नव्हता.

तिने आधी सोडून पाहिले. आपणच घेत नसलो तर खिशात काही असणारच नाही, हा तिचा हिशोब. दुसऱ्याच दिवशी चादरी तिरक्या जाऊ लागल्या. शेजारच्या जोडीने टोमणा मारला, आज तुमच्या चादरी कोणाच्या वाकड्या मापाच्या आहेत गं. ताई हसली नाही. तिने मोठीचा थरथरणारा हात पाहिला, कपाळावरचा घाम पाहिला आणि जेवणाच्या सुट्टीत फक्त म्हणाली, की असे एकदम सोडून मरशील. त्यात राग नव्हता. तिसऱ्या दिवशी मोठी उलट्या करीत होती आणि ताई, टोक म्हणून, तिच्याबरोबर दारात उभी होती. दोघींची मजुरी बुडत होती. ताईच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता. मोठीने तिच्याकडे पाहिले, तळहात पुढे केला आणि गोळी घेतली.

मग ती केंद्रात गेली. बसथांब्यावर पाटी होती, व्यसनमुक्ती, मोफत सल्ला. ताईने मुकादमबाईंना सांगितले, दोघींना डॉक्टरकडे जायचे आहे, आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहिली. आत खुर्च्यांवर पुरुष होते आणि त्यांना धरून आणलेल्या बायका. टेबलामागचा तरुण सभ्य होता. त्याने तिला खुर्ची दिली, आणि विचारले,

“कोणासाठी आलात? नवरा की भाऊ?”

मोठीने सत्य सांगायला तोंड उघडले होते. पण प्रश्नात तिची जागा नव्हती.

“भाऊ,” ती म्हणाली.

मग त्याने भावाबद्दल सगळे विचारले आणि मोठीने सगळे खरे सांगितले. गोळ्या घेतो. कामावर सवय लागली. खांद्यासाठी. सोडायचा प्रयत्न केला, जमले नाही. तरुणाने मान डोलावली. असे एकाएकी सोडणे बरे नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू करावे लागते, इथे काही दिवस राहायची सोय आहे, त्याला घेऊन या. आणि हो, त्याच्यावर ओरडू नका. घरात त्याला हिणवू नका. तो आजारी आहे, हे सगळ्यांना समजावून सांगा. इतके चांगले शब्द तिच्याबद्दल आजवर कोणी बोलले नव्हते आणि तिला ते भावाच्या नावावर ऐकावे लागले.

उठता उठता तिने विचारले, “आणि भावाच्या जागी बहीण असती तर?”

बायकांसाठी इथे राहायची सोय नाही, तरुणाने सांगितले. दुसऱ्या गावी आहे, तिथे घरचे कोणीतरी सहीला लागते. पण तशी वेळ येत नाही, बायका सहसा येतच नाहीत. बायका येत नाहीत म्हणून सोय नव्हती, आणि सोय नव्हती म्हणून त्या येत नव्हत्या. त्याच्या नोंदींमध्ये मात्र एवढेच दिसणार होते, की एक बहीण भावाबद्दल विचारायला आली होती. बाहेर ताईने विचारले, काय म्हणाले. मोठी म्हणाली, दादाला घेऊन या म्हणाले. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग दोघीही बराच वेळ बाकावरून उठल्या नाहीत.

राहिला एकच मार्ग, धाकटीला येऊच द्यायचे नाही. मोठीने घरी विषय काढला. तिचे शिक्षण चालू द्या, ती म्हणाली. दादाने जेवता जेवता विचारले, का, तिथे काय वाईट आहे? मोठी म्हणाली, काम जड आहे. आई म्हणाली, तू तर कधी बोलली नाहीस. वाफ असते, मोठी म्हणाली. तू इतकी वर्षे वाफेत उभी आहेस, तुला काय झाले, दादा म्हणाला. धाकटी ताटातून मान वर करून तिच्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच संशय होता. आपल्या बहिणीला आपण तिच्या जागेत नको आहोत, असे तिने मनाशी धरून ठेवले.

जोडी पाहायचा दिवस आला. मुकादमबाई नव्या जोडीला कामावर घेण्याआधी रोलरशी उभ्या राहून हात जुळतात का ते पाहत. धाकटी नवा एप्रन घालून, केस घट्ट बांधून उजव्या टोकाला उभी राहिली. सांगितलेले सगळे तिने एका दमात उचलले. तिचा झटका स्वच्छ होता, कड ताठ. मोठीचा हात त्या दिवशी स्थिर होता. सकाळी दोन घेतल्या होत्या. पहिली चादर सरळ गेली. दुसरीही. मोठीने तिसरी चादर सोडायच्या क्षणी आपले टोक बोटभर मागे ओढून धरले.

चादर तिरकी गेली. चौथीही, पाचवीही. धाकटी लाल झाली, पुटपुटली, माझंच चुकतंय. शेडमधल्या बायका माना खाली घालून आपले काम करीत राहिल्या. मोठीला वाटले, साधले. मुकादमबाई आता म्हणणार, हात जुळत नाहीत, पोरीला घरी घेऊन जा.

पण मुकादमबाईंचे आयुष्य त्या पट्ट्याशी गेले होते. चादर कुठल्या टोकाने ओढली जाते, हे त्यांना चुणीच्या तिरकेपणावरून समजे. त्या मोठीजवळ आल्या. तिचा हात उचलून पाहिला, सोडला.

“पोरीचा हात चांगला आहे. खोट तुझ्या बाजूला आहे. का ते मला विचारायचं नाही,” त्या म्हणाल्या. “सख्ख्या बहिणींचं नाही जमत कधी कधी. हिला ताईकडे देते. ताई घडवेल हिला.”

नव्या रोलरवर ताई आणि धाकटी. जुन्यावर मोठी, आणि आजवर रोलरच्या पाठीमागे घडी घालणारी एक अबोल बाई तिचे टोक म्हणून. सगळे एका मिनिटात ठरले. धाकटीने जाताना मोठीकडे पाहिलेही नाही. मोठीने टोक ओढले हे धाकटीलाही कळले होते, पण बहिणीला आपण इथे नको आहोत, असा तिने त्याचा अर्थ लावला होता.

सुट्टीत मोठीने ताईला गाठोड्यांच्या खोलीत गाठले. तिला देऊ नकोस, एवढेच तिला सांगायचे होते, पण बोलताना तिचा आवाज वडील झोपलेले असावेत तसा दबला.

“मी काय दुकान मांडलंय का?” ताई म्हणाली. “तुला दिली तेव्हा तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतीस. मी तोंड फिरवायला हवं होतं?”

“हो,” मोठी म्हणाली.

ताईने समोरच्या गाठोड्याची गाठ आवळली. मग ती म्हणाली, की मी स्वतःहून पुढे करणार नाही, पण पोर कळवळून मागेल तेव्हा मी काय करीन, ते मला आज सांगता येत नाही. आणि जोडीची मजुरी बुडाली तर माझ्या घरचे काय, तेही तू सांगून ठेव. मोठीला तिच्यावर चिडता आले नाही. हेच उत्तर आपणही दिले असते, हे तिला माहीत होते.

त्या संध्याकाळी, वडील कामावर निघून गेल्यावर आणि दादा यायच्या आत, मोठीने आईला आणि धाकटीला बसवून सांगितले. कुठून सुरुवात करावी हे न कळल्याने तिने शेवटापासून सुरुवात केली. मी गोळ्या घेते, रोज घेते, सोडता येत नाहीत. तिथे टोक टोकाला देते. म्हणून मी चादर ओढली.

आई उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. मग विचारले, आणखी कोणाला सांगितलेस? आणि उत्तराची वाट न पाहता ती म्हणाली, दादाला कळता कामा नये. उद्या कुठे स्थळ जुळायचे झाले तर हे पुढे येईल, आणि एकीचे पुढे आले की दुसरीचेही गेलेच. ती हे रागाने बोलत नव्हती. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

“मग मी नाही जात तिथं,” धाकटी म्हणाली.

“नाही गेलीस तर का नाही, ते दादा विचारणार,” आई म्हणाली. “काय सांगशील?”

धाकटीने उत्तर शोधले. तिघींनी मिळून शोधले. काम जड आहे, हे सांगून झाले होते. अभ्यास, हे दादाने मिटवले होते. भांडण झाले म्हणावे तर दादा शेडवर जाऊन सोक्षमोक्ष लावणार, आणि तिथे चार प्रश्न विचारले की सगळेच बाहेर येणार. मोठीचे लपवायचे असेल तर धाकटीला जावे लागत होते. धाकटीने मोठीचा हात धरला आणि विचारले, खांदा दुखू नये म्हणून उभे कसे राहायचे, तेवढे मला सांग. मोठीने आठवून पाहिले. तसे कुठलेच उभे राहणे तिला माहीत नव्हते.

पुढचे काही दिवस दोघी बरोबर गेल्या आणि बरोबर आल्या. जुन्या रोलरवरून नवा दिसे, पण वाफ उठली की मधेच दिसेनासा होई. मोठी चादर सोडायची आणि मान वर करायची. धाकटी हसताना दिसायची, ताईची नक्कल ताईलाच करून दाखवताना दिसायची. मग ते हसणे कमी झाले. मग ती दोन चादरींच्या मध्ये उजवा खांदा गोल फिरवू लागली. संध्याकाळी मोठीने विचारले तर म्हणे, काही नाही गं. ते काही नाही कसे म्हणतात, हे घरात मोठीपेक्षा चांगले कोणाला ठाऊक होते?

एका सकाळी वाफ विरली तेव्हा धाकटीने चादर सोडून दिलेली होती. ती डाव्या हाताने खांदा धरून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले. ताई तिच्याजवळ गेली. तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला, काहीतरी बोलली, आणि तिचा दुसरा हात एप्रनच्या खिशाकडे गेला.

मोठीने हातातले टोक टाकून दिले. टोकाला न सांगता रोलर सोडून कोणी जात नसे. तिची अबोल जोडीदारीण अर्धी चादर धरून बघत राहिली. मोठी मधल्या गाठोड्यांमधून वाट काढीत गेली आणि त्या घरात किंवा त्या शेडमध्ये ती कधी बोलली नव्हती इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली,

“ताई, तिला देऊ नकोस.”

दोन्ही रोलरांवरच्या बायका थांबल्या. कोणीही वर पाहिले नाही. ज्यांच्या खिशात काही नव्हते त्यांनीही पाहिले नाही. मजुरी मांडायच्या फळ्याशी उभ्या असलेल्या मुकादमबाई वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, काय देऊ नको?

मोठीला तो प्रश्न हवा होता. इतक्या वर्षांत कोणीतरी तो सरळ विचारला होता, आणि या वेळी उत्तरासाठी तिची जागा रिकामी होती. तिने श्वास घेतला.

“पाणी,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज साफ होता, चेहराही. “माझा घसा धरलाय ना, गार पाणी देऊ नको म्हणते. घरीही अशीच पाठी लागते माझ्या.”

दोन-तीन जणी हसल्या. सुटकेचे हसू होते ते. मुकादमबाईंनी धाकटीकडे पाहिले, मग मोठीकडे पाहिले, आणि ज्या बाईला चुणीवरून ओढणारा हात कळतो तिला इथेही काही कळले असेल का, हे खात्रीने सांगता येत नाही. घसा धरला असेल तर कोमट पी, त्या म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळल्या.

ताईचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. धाकटीने खाली वाकून आपले टोक उचलले, दात आवळले आणि मोठीला डोळ्यांनी सांगितले, जा. तिने आपल्या बहिणीला वाचवले होते. आईने खिडकी लावून वाचवले होते, तसेच.

मोठी परत गेली. पडलेली चादर पुन्हा पाण्यात गेली होती. त्या दिवशी धाकटीने काही घेतले नाही. मोठीने दुपारच्या सुट्टीत तिची नेहमीची घेतली, आणि संध्याकाळी दोघी एकत्र घरी गेल्या, दादाने सांगितले होते तशा.